आयपीव्ही ६ चा अवलंब : राष्ट्रीय आराखड्याची चिकित्सा

केंद्रीय दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये आयपीव्ही ६ या नव्या इंटरनेट पत्तापद्धतीच्या अवलंबाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. शासकीय खात्यांसाठी मार्च २०१२ ची मुदत होती. २०१३ मध्ये दुसरा आराखडा काढावा लागला, यातच पहिल्याचे अपयश दिसते. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत जेमतेम ४३० कोटी पत्ते. परंतु एकाच पत्त्याआड शेकडो संगणक चालविण्याची सोय असल्याने कार्यालयांना टंचाई जाणवलीच नाही. न जाणवलेली गरज परिपत्रकाने कशी निर्माण व्हावी? २०१६ मध्ये जिओने मात्र प्रारंभापासूनच १२८ बिटांच्या पत्त्यांचा आधार घेतला, कारण कोट्यवधी भ्रमणध्वनींना पुरतील इतके जुने पत्ते उपलब्धच नव्हते. भारतातील आजचा व्यापक वापर मुख्यतः अशा मोबाइल जाळ्यांतून आला आहे. त्याचे श्रेय आराखड्यास देणे म्हणजे कालक्रमालाच कारण मानणे होय.