रसिकाची साक्ष : मालिनी राजूरकरांच्या निमित्ताने

राज्य शासनाच्या सेवेत असताना एक कागद वारंवार हाताखालून जात असे, तो म्हणजे शोकप्रस्ताव. त्याचा नमुना ठरलेला होता. दिवंगत व्यक्तीचे नाव, पद आणि निधनाची तारीख यांसाठी जागा मोकळी सोडलेली असे. बाकीचा मजकूर, म्हणजे 'अपरिमित हानी', 'कधीही भरून न येणारी पोकळी', 'कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी' इत्यादी, कायमचा. मोकळ्या जागा भरल्या की कागद सहीला तयार. शासनाचे काम तेवढ्याने भागते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते.

६ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीमती मालिनी राजूरकर यांचे हैदराबाद येथे निधन झाले. आमच्या मंडळाच्या श्रद्धांजली-सभेत वाचण्यासाठी चार शब्द लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. ते मी मनापासून लिहिले. सभा संपल्यावर दोघातिघांनी हात हातात घेऊन 'छान झाले' असे सांगितले. पुढे चारच महिन्यांनी, १३ जानेवारी २०२४ रोजी, डॉ. प्रभा अत्रे गेल्या आणि तेच काम पुन्हा माझ्याकडे आले. जुने टिपण समोर घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की नाव, गाव, घराणे आणि तारीख एवढे बदलले की उरलेला मजकूर जसाच्या तसा चालण्याजोगा आहे. एक ग्वाल्हेर घराण्याची गायिका, दुसरी किराण्याची. एकीचे गाणे बंदिशीच्या बांधणीवर उभे, दुसरीचे स्वराच्या संथ बढतीवर आणि विचारपूर्वक योजलेल्या सरगमवर. या दोघींना माझे एकच टिपण पुरत होते. नोकरी सुटली, पण शोकप्रस्तावाची सवय सुटली नव्हती.

त्या लज्जेतून, गेल्या काही वर्षांत आपल्याकडे प्रसिद्ध झालेले श्रद्धांजलीपर लेखन मी जमेल तेवढे पुन्हा वाचले. काळही असा आला की या लेखनाला खंड पडला नाही. २०१७ साली किशोरी आमोणकर गेल्या, २०१९ साली डॉ. श्रीराम लागू. २०२२ च्या पहिल्या दीड महिन्यातच रामदास कामत, कीर्ती शिलेदार, रमेश देव आणि लता मंगेशकर गेले आणि त्याच वर्षअखेरीस विक्रम गोखले. २०२४ च्या डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन गेले. प्रत्येक वेळी रसिकांनी मनःपूर्वक लिहिले. त्या मनःपूर्वकतेविषयी मला शंका नाही. तक्रार आहे ती त्या लेखनात कलावंताची कला किती थोडी उरते याविषयी.

हे लेखन तीन प्रकारचे दिसते. पहिला प्रकार शोकाचा, त्याविषयी वर आलेच आहे. दुसरा आख्यायिकेचा. किशोरीताईंचा कडक स्वभाव, भीमसेनांचे लहानपणी घरातून पळून जाणे आणि त्यांचे मोटारीचे वेड, लागूंनी डॉक्टरकी सोडून नाटक पत्करणे, या गोष्टी इतक्यांदा सांगून झाल्या आहेत की आता त्या सांगणाऱ्याने कलावंताला ऐकले-पाहिले असलेच पाहिजे असे नाही. तिसरा प्रकार साक्षीचा : मी अमुक ठिकाणी होतो, मी अमुक ऐकले, आणि ते असे असे होते. हा प्रकार सर्वांत विरळा आहे. खरे तर रसिकाला जे सांगता येते आणि इतर कोणालाही सांगता येत नाही, ते एवढेच आहे.

मराठीत ही साक्ष देण्याची परंपरा नाही असे नाही. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने (१९६१) घराण्यांचे गुणदोष स्वर आणि लय यांच्या भाषेत मांडून दाखवले. प्रा. बी. आर. देवधरांच्या 'थोर संगीतकार'मध्ये आख्यायिका पुष्कळ आहेत, परंतु त्या सांगणाऱ्याचा कान सतत जागा आहे. गवई कसा राहत होता याबरोबर तो काय गात होता हेही तेथे कळते. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'गुण गाईन आवडी'सारख्या पुस्तकांनी व्यक्तिचित्राला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. पु. लं.चा कान आणि जाण ज्यांच्याजवळ नव्हती त्यांनी त्यातील फक्त गोष्टी सांगण्याची लकब उचलली. आजचा श्रद्धांजली-लेख बहुतांशी त्या लकबीचा वारसदार आहे.

आता मालिनीताईंकडे वळतो. त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात दोन गोष्टी हटकून येतात. एक, त्या अजमेरच्या महाविद्यालयात गणित शिकवत होत्या. दुसरी, त्यांचा साधेपणा. साधी साडी, डामडौल नाही, हातवारे नाहीत, बोलणे मोजके. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रश्न असा की त्यांचा गाण्याशी संबंध काय?

गणिताच्या बाबतीत आपण सर्वांनी एक सोपी उडी मारली. त्या गणिताच्या, म्हणून त्यांचे गाणे हिशेबी आणि बिनचूक! मीही माझ्या टिपणात हे वाक्य लिहिले होते. आज ते मला पटत नाही. ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही अशा ग्वाल्हेरच्या कित्येक गवयांची लय तितकीच चोख होती. समेवर नेमके येणे हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने गळ्यात आणि अंगात मुरते, त्याला बीजगणिताचे साहाय्य लागत नाही. मालिनीताईंनी ही विद्या अजमेर येथे गोविंदराव राजूरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव यांच्याकडून घेतली. वसंतराव पुढे त्यांचे पती झाले. गणिताचा उल्लेख करून आपण त्या तालमीचे श्रेय नकळत दुसरीकडे देतो.

साधेपणाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा, कारण तेथे आपण खऱ्या गोष्टीच्या अगदी जवळ जाऊन परत फिरलो आहोत. मालिनीताईंचे नाव विशेषतः टप्प्याशी जोडले जाते. टप्पा हा प्रकार मूळचा पंजाबचा. उंटांच्या तांड्यांबरोबर फिरणाऱ्यांच्या गाण्यातून तो आला आणि लखनौच्या शोरी मियाँने त्याला दरबारी रूप दिले, असे परंपरा सांगते. ख्यालात गायकाला पाय रोवायला अवधी असतो. आलाप आधी, बोल मागून, तान शेवटी. टप्प्यात ही सवड नाही. पहिल्या अक्षरापासूनच बारीक, वळणावळणाच्या, एकमेकींत गुंतलेल्या तानांचे झुपके सुरू होतात. शब्द पंजाबी आणि थोडे. प्रत्येक अक्षरावर दोन-चार हरकतींचा भार. स्वर एका उडीत खाली-वर जातो, मध्येच वळतो, आणि हे सारे लय न ढळू देता समेवर आणून सोडायचे. दमसास, गळ्याची तयारी आणि लयीचे भान या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी लागतात. म्हणूनच पुष्कळ गवई टप्प्याच्या वाटेला जात नाहीत, किंवा ख्यालात टप्प्याच्या अंगाच्या चार ताना घेऊन थांबतात. ग्वाल्हेर घराण्याने मात्र टप्पा आपला मानला आणि जपला.

असा प्रकार गाताना बहुतेकांचे हात चालतात. तान वर गेली की हात वर, वळली की मनगट वळते. त्यात दोष नाही. पण हात ऐकणाऱ्याला मदत करतो. डोळा आधी सांगतो आणि कान मागून मान डोलावतो. मालिनीताई गाताना जवळजवळ निश्चल असत. त्यामुळे तानेचे प्रत्येक वळण कानालाच पकडावे लागे, आणि ते पकडता येई, कारण त्यांच्या द्रुत तानेतही स्वर एकमेकांवर सांडत नसत. दाणा दाण्यापासून वेगळा राही. शब्द चिरडले जात नसत. आपण ज्याला साधेपणा म्हणून वाखाणतो, त्याचा गाण्यातील अर्थ हा आहे. श्रोत्याच्या डोळ्याला आधार न देता त्याच्या कानावर भरवसा टाकणारे ते गाणे होते. साडीचा साधेपणा त्यांच्या संसारातील कोणालाही सांगता आला असता. हा दुसरा साधेपणा फक्त समोर बसून ऐकणाऱ्याला सांगता येतो, आणि तो सांगायचा आपण विसरलो.

येथे एक शंका मनात येते, ती नोंदवतो. स्त्री-कलावंताला निरोप देताना आपण तिच्या स्वभावाचे माप अधिक काढतो काय? किशोरीताईंचे तापटपण आणि मालिनीताईंचे सौजन्य ही परस्परविरुद्ध टोके वाटतात, पण दोन्हीकडे गाण्याच्या जागी स्वभाव येऊन बसला आहे. भीमसेनांच्या मोटारीचे उदाहरण वर दिलेच आहे, तेव्हा पुरुष यातून सुटले आहेत असे म्हणता येणार नाही. तरीही मोटारीच्या गोष्टीनंतर लेखणी त्यांच्या तानेकडे वळते. साधेपणाच्या गोष्टीनंतर ती पुष्कळदा थांबते.

यावर आक्षेप येईल की माणूस गेल्यावर दोन दिवसांत लिहिलेल्या लेखाकडून गायकीचे विश्लेषण मागणे निर्दयपणाचे आहे. आक्षेप योग्य आहे. दुःखाच्या पहिल्या भरात कोणी व्याकरण पाहत नाही. पण दिवस सरल्यावर, पहिल्या स्मृतिदिनालाही आपण तोच लेख वाचतो, याला काय म्हणावे? दुसरा आक्षेप असा की ध्वनिमुद्रणे आहेत, पुढची पिढी ती ऐकेल, साक्षीची गरजच काय? ध्वनिमुद्रण गाणे राखते हे खरे. परंतु त्या बैठकीत तो टप्पा कशानंतर आला, गायिकेने तोच राग का निवडला, तबल्यावर कोण होते, श्रोते कोणत्या जागेला स्तब्ध झाले, हे फितीवर उमटत नाही. शिवाय स्वतःच्या कलेविषयी स्वतः लिहून ठेवणारे कलावंत थोडे. प्रभाताईंनी 'स्वरमयी'सारखी पुस्तके लिहिली, सरगमवर प्रबंध लिहिला. लागूंनी 'लमाण' लिहिले. बाकीच्यांची बाजू मांडणारे आपणच.

रंगभूमीवर तर हे अधिकच खरे. २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. तो आणि त्यानंतरचे प्रयोग प्रेक्षागृहात बसून पाहिलेले लोक आता दरवर्षी कमी होत आहेत. चित्रपट-दिग्दर्शक गेला तरी त्याचा चित्रपट पुन्हा लावता येतो. नटाचा अमुक रात्रीचा विराम पुन्हा लावता येत नाही. 'लागूंनी गणपतराव बेलवलकर अजरामर केला' या वाक्याने त्या विरामाविषयी काहीही कळत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या जुन्या घराण्यांवर ही जबाबदारी थोडी अधिक आहे, असे मला वाटते. कलावंत गेला की आपण प्रथम त्याच्यावर गावाचा हक्क सांगतो. लताबाईंचा जन्म १९२९ साली इंदूरचा, म्हणून इंदूरकर. मालिनीताईंचा संसार हैदराबादचा, म्हणून आम्ही हैदराबादकर. वास्तविक त्या वाढल्या आणि शिकल्या राजस्थानात, गायकी ग्वाल्हेरची, श्रोते पुणे-मुंबईपासून दिल्लीपर्यंतचे. आणि ही गायकी तरी एका गावची कोठे आहे? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी अपार कष्ट सोसून ती ग्वाल्हेर परंपरेतून मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. मालिनीताईंच्या रूपाने तिची एक शाखा अजमेरहून दख्खनमध्ये आली. गावाचा हक्क सांगायचा असेल तर त्याला एकच आधार आहे : आम्ही त्यांना जवळून, लहान बैठकीत, पुन्हा पुन्हा ऐकले. मग ते ऐकणे आम्ही कोठे नोंदवले आहे?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर लाजिरवाणे निघाले. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी एका घरगुती बैठकीत भरलेली मालिनीताईंची एक ध्वनिफीत माझ्या कपाटात आहे. डबीवर त्यांच्या हस्ताक्षरात 'मालिनीताई – भैरवी, टप्पा' एवढेच आहे. साल नाही, घर कोणाचे ते नाही, साथीदारांची नावे नाहीत. त्या बैठकीला मीही होतो. तेव्हा हे सारे इतके उघड होते की लिहून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. मेहुणे आता नाहीत. साल ८३ की ८४, याचा निकाल मला एकट्याला लागत नाही. तबलजींचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

माझ्या जुन्या टिपणाची प्रत मंडळाच्या फायलीत आहे, ती तेथे राहू द्यावी. तिच्या मागे मी आता आणखी दोन पाने जोडली आहेत. त्यांत त्या संध्याकाळचे जे निश्चित आठवते तेवढेच लिहिले आहे : बैठक सुरू झाली तेव्हा दिवे लागायचे होते, भैरवी शेवटी आली, आणि टप्प्यातील एका वळणावर, तान खाली उतरेल असे वाटत असताना ती वर गेली, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी दाद देण्यासाठी उचललेला हात तसाच हवेत राहिला. मालिनीताईंचा हात मात्र मांडीवरच होता.

मंडळाच्या सभासदांना विनंती आहे की ज्यांच्याकडे अशा फिती, वह्या वा नुसत्या आठवणी असतील, त्यांनी तारीख, स्थळ, राग आणि साथीदार यांसह त्या लिहून द्याव्यात. पुढील स्मृतिदिनी भाषणाऐवजी त्या वाचू आणि फीत लावू. आणि त्या घरगुती बैठकीला हजर असलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी तबलजींचे नाव मला अवश्य कळवावे.