रानात गेलेले दोन विद्यार्थी

रानावरचा एखादा लेख नसलेला दिवाळी अंक विरळाच. शहरातला लेखक चार दिवस अरण्यात राहतो, मोर पाहतो, मोहाचा वास घेतो, पाड्यावरचा नाच पाहतो आणि परतल्यावर लिहितो. वाचताना आपलेही मन रमते. मात्र अंक मिटल्यावर त्या पाड्यावरचा एकही माणूस नावानिशी आठवत नाही. म्हणून अशा लेखनाला मी एकच प्रश्न विचारतो : रानात ह्या पाहुण्याने गुरू कोणाला केले?

मारुती चितमपल्ली ह्यांच्याजवळ ह्याचे उत्तर आहे. १९३२ साली सोलापुरात, म्हणजे गिरण्या आणि मागांच्या गावात, जन्मलेला हा माणूस वनाधिकारी होऊन विदर्भाच्या अरण्यांत गेला आणि तिथलाच झाला. नवेगावबांधला त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तळे, पाखरे, झाडे ह्यांची उपजत जाण असलेल्या ह्या गावकऱ्यापुढे अधिकारी शिष्य होऊन बसला. गोंड, माडिया, कोरकू ह्यांच्याकडूनही त्यांनी रानाची भाषा घेतली. आपल्या आत्मचरित्राला, ‘चकवाचांदण’ला, त्यांनी ‘एक वनोपनिषद’ असे उपशीर्षक दिले. उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणे. तेव्हा ह्या उपशीर्षकात मला पांडित्य दिसत नाही, कृतज्ञता दिसते. कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ म्हणावे, हे मराठीला सुचवणारा हा लेखक होता. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

तरीही एक उणीव मला जाणवते. त्यांच्या पानांवर पाखरू जितके स्पष्ट बोलते, तितकी आदिवासीची भूक बोलत नाही. जो माणूस त्यांना झाडाचे नाव सांगतो, त्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटली की नाही, हे वाचकाला क्वचितच कळते.

ते कळायचे तर गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली निघालेले पुस्तक घ्यावे. पुण्याच्या सुखवस्तू घरातली, वकिलीची पदवी घेतलेली ही बाई १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत गेली. रानवाटा तुडवल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिली, त्यांचे अन्न खाल्ले. तिथे तिला वेठबिगार दिसली आणि लग्नगडी दिसला : लग्नापुरते कर्ज घेऊन जन्मभर सावकाराचा गुलाम झालेला माणूस. १९७२ साली ह्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात चळवळीचा आवेश आहे, काही ठिकाणी तो कथनावर कुरघोडीही करतो. पण शिकवायला गेलेली बाई पानोपानी शिकत जाते, हे त्याचे मोठेपण. नावातला जागा होणारा माणूस एकटा वारली नव्हे. लेखिकाही त्याच्याबरोबर जागी होते.

ही दोन्ही पुस्तके एका घरात असावीत. एकाने रानाची नावे शिकवली, दुसऱ्याने रानातल्या माणसाचे दुःख दाखवले. शिवाय आता ज्याच्यावर एवढे लिहिले गेले, तोच लिहू लागला आहे. भिल्ल समाजातले कवी वाहरू सोनवणे ह्यांचा ‘गोधड’ हा संग्रह त्यासाठी वाचावा. तिथे वाचकालाच पाहुण्याच्या जागी बसावे लागते, आणि ते बसणे थोडे अवघड आहे.

हे मी नाशिककरांना मुद्दाम सांगतो. पाऊस सुरू झाला की आपण त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला धबधबे पाहायला धावतो. वाटेत कोकणा, वारली, महादेव कोळी ह्यांची घरे लागतात. तिकडची पोरे वर्गात झाडांची अशी नावे सांगतात, की मास्तरालाच खडू घेऊन ती लिहून घ्यावी लागतात. पुढच्या पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन तिकडे जाल तेव्हा धबधबा जरूर पाहा. पण वाट दाखवणाऱ्याला त्याचे नाव विचारा, आणि समोरच्या झाडाला तो काय म्हणतो तेही.