द्रवस्फटिकांची मांडणी : चित्र आणि पुरावा

फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकांची मांडणी सुधारल्याचे सांगणाऱ्या निबंधांत एक प्रघात दिसतो. सूक्ष्मदर्शकातील एकसारखे काळे क्षेत्र दाखवावयाचे, काँट्रास्टचा आकडा द्यावयाचा, आणि कार्य साधले असे म्हणावयाचे. हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतो, असे आम्हांस वाटते.

या शाखेचा इतिहासच येथे सावध करतो. १९८० साली क्लार्क व लागरवॉल यांनी कायरल स्मेक्टिक-सी द्रवस्फटिक दोन काचांमधील अतिशय अरुंद फटीत कोंडून मायक्रोसेकंदांत पालटणाऱ्या दोन स्थिर अवस्था मिळविल्या. त्याचे थर फळीवरील पुस्तकांप्रमाणे काचांना काटकोनात उभे आहेत, अशी कल्पना होती. १९८७ साली क्ष-किरणांनी ते मध्यावर मोडलेले, बाणाच्या टोकासारखे असल्याचे दाखविले. चित्रे खरी होती. त्यांचा लावलेला अर्थ अपुरा होता.

कारण असे की, स्मेक्टिक-ए अवस्थेतून निवताना रेणू कलतात व थर पातळ होतात. ताठ रेणू २२.५ अंशांनी कलल्यास ही घट सुमारे ७.६ टक्के होते. काचेलगतचे अंतर मात्र आधीच पक्के झालेले असते. म्हणून थर मोडतात. परस्परविरुद्ध मोडींच्या सीमेवर नागमोडी दोष उमटतात व तेथून प्रकाश झिरपतो. शिवाय अक्षाचे वळण आखडते. ते ४५ अंश असता परगमन कमाल असते. २० अंशच उरल्यास कमाल मूल्याच्या ४१ टक्क्यांवर येते.

आता उपायांची पारख करू. काचेवरील योग्य लेपामुळे सर्व मोडी बहुधा एका दिशेच्या होतात; नागमोडी दोष जातात, काळोख गडद होतो, काँट्रास्ट वाढतो. परंतु मोड तशीच राहते आणि प्रकाशित अवस्था फिकीच राहते. विद्युत्क्षेत्राने थर सरळ करता येतात. पण पट्टेरी पोत उद्भवतो. द व्रीज जातीचे पदार्थ मात्र मुळावर घाव घालतात, कारण त्यांचे थर फारच थोडे आक्रसतात.

हे तिन्ही परिणाम केवळ काँट्रास्टच्या आकड्याने वेगळे ओळखता येणार नाहीत. म्हणून मांडणी सुधारल्याचा दावा करणाऱ्याने क्ष-किरण विवर्तन, वळणाचा कोन आणि प्रकाशित अवस्थेतील परगमन ही तिन्ही मोजमापे दिली पाहिजेत. त्यांवाचून सुंदर छायाचित्र हे सुंदर छायाचित्रच राहते. तो पुरावा ठरत नाही.