यादी कोणाच्या हातात? अप्पादुराईंचा 'डीप डेमॉक्रसी' वाचताना

शहर, झोपडपट्टी किंवा 'नागरी सहभाग' यांपैकी कशावरही तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहायला घेतलात, की एक लेख तुमच्या हातात येणारच: अर्जुन अप्पादुराई यांचा 'डीप डेमॉक्रसी'. २००१ साली 'एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन'मध्ये आणि पुढच्या वर्षी 'पब्लिक कल्चर'मध्ये तो आला. तेव्हापासून मुंबईतल्या नागरी संस्थांबद्दल कोणी काही लिहिलं आणि त्यात हा लेख नाही, असं क्वचितच होतं. अडचण अशी की बहुतेक प्रस्तावांत तो एका ओळीपुरता येतो. 'गरिबांच्या संघटना लोकशाही खोलवर नेतात (अप्पादुराई, २००२)', पूर्णविराम, पुढचा परिच्छेद. लेख वाचला की नाही हे त्या ओळीवरून कळत नाही. तो आज नीट वाचू, आणि जिथे पटत नाही तिथे भांडूही.

लेख आहे मुंबईतल्या एका आघाडीबद्दल. तीत तीन संघटना. एक 'स्पार्क', १९८४ साली सुरू झालेली स्वयंसेवी संस्था. दुसरी नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, १९७४ पासूनची, जिचे नेते जॉकिन अर्पुथम स्वतः मानखुर्दच्या जनता कॉलनीतून आलेले. तिसरी महिला मिलन, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या बचतगटांतून १९८६ च्या सुमारास उभी राहिलेली. म्हणजे शिकलेल्यांची संस्था, वस्तीतल्या पुरुषांची जुनी चळवळ आणि फुटपाथवरच्या बायका. अप्पादुराईंना या जुळणीचं फार कौतुक आहे, आणि लेखाचा सूर ते लपवत नाही.

त्यांचा मुद्दा असा. फूको वगैरे मंडळींनी आपल्याला शिकवलं की राज्यसंस्था माणसं मोजते, त्यांचे नकाशे काढते, त्यांना रकान्यांत बसवते आणि त्यातूनच त्यांच्यावर राज्य करते. या शासनपद्धतीला इंग्रजीत 'गव्हर्नमेंटॅलिटी' म्हणतात. मराठीत कोणी 'शासकीयता' लिहितं, मला तो शब्द कधी तोंडात बसला नाही. अप्पादुराई म्हणतात, मुंबईत गरिबांनी हीच हत्यारं उलटी धरली. स्वतःची जनगणना स्वतः केली, घरांचे नमुने स्वतः मांडले, संडास स्वतः बांधून दाखवले. खालून वर जाणारी शासकीयता.

लेखातला सर्वांत जिवंत भाग संडासांचा आहे. 'संडास मेळा' भरवायचा, बांधलेला नवा संडास पाहुण्यांना फिरून दाखवायचा, जागतिक बँकेचे अधिकारी आणि मंत्री तिथे उभे. उघड्यावर बसावं लागणं ही ज्यांची रोजची मानहानी, तेच लोक त्या विषयाचे तज्ज्ञ म्हणून बोलतात. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत या मंडळींनी घराची आणि लहान मुलांच्या संडासाची प्रतिकृती उभी केली, कोफी अन्नान ती बघायला आले, ते वर्णन जरूर वाचा. समाजशास्त्रात विनोद आणि अपमान एकाच वाक्यात पकडणारं लेखन फार नसतं.

आता मोजणीकडे येऊ, कारण माझा आक्षेप तिथे आहे.

मुंबईत मोजलं जाणं ही कधीच नुसती कागदाची गोष्ट नव्हती. जानेवारी १९७६ मध्ये सरकारने झोपडपट्ट्यांची गणना केली आणि फोटोपास दिले. फुटपाथवरचे बहुतेक लोक तिच्यात आलेच नाहीत, कारण ती झोपडपट्टी धरली जात नव्हती. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांना हटवण्याची मोहीम निघाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८५ मध्ये 'ओल्गा टेलिस' निकाल आला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण निकालाचा शेवट वाचा. फुटपाथवरून हटवण्याला न्यायालयाने ना म्हटलेलं नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबा, एवढंच. आणि पर्यायी जागा द्यावी असं सांगितलं ते कोणाबद्दल? ज्यांची १९७६ मध्ये गणना झाली होती त्यांच्याबद्दल. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी गणना झाली होती की नाही, यावर आज जागा मिळणार की नाही हे ठरलं.

त्याच वर्षी 'स्पार्क'ने फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना करून 'वी, द इनव्हिजिबल' हा अहवाल काढला. ही पार्श्वभूमी माहीत असली की त्या शीर्षकाचं वजन कळतं. इथे अप्पादुराईंशी माझं अजिबात भांडण नाही. अदृश्य लोकांनी स्वतःची यादी करणं हे त्या वेळी खरोखर राजकीय कृत्य होतं.

पण १९८५ ची यादी आणि २००० ची यादी एकच गोष्ट आहे का? लेख त्या दोन्हींना एकाच धाग्यात ओवतो, आणि वाचताना तो सांधा तुमच्या लक्षातही येत नाही. मधल्या काळात काय झालं ते बघा. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, ज्याला आपण एमयूटीपी म्हणतो, त्यासाठी रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हलवायच्या होत्या. फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने हार्बर मार्गावर पाडापाडी सुरू केली, लोक रुळांवर उतरले, पाडकाम थांबलं. मग पुनर्वसनाचं काम मोठ्या प्रमाणात या आघाडीकडे आलं: सर्वेक्षण, कुटुंबांचे गट, स्थलांतर, नव्या इमारतींत सोसायट्या. हजारो कुटुंबं पोलिसांच्या लाठीशिवाय हलली, आणि या शहराचा इतिहास पाहता ही छोटी गोष्ट नाही. तरीही विचारायला हवं: पूर्वी यादी सरकारला 'आम्ही आहोत' म्हणून दाखवायची होती, आता तीच यादी सरकारच्या प्रकल्पात कोणाला २२५ चौरस फुटांची खोली मिळणार हे ठरवायला वापरली जात होती. संस्था दाराच्या बाहेर उभी होती, ती आता दारावर बसली. 'खालून' हा शब्द या दोन्ही जागांना सारखाच लागू पडतो का?

अनन्या रॉय यांनी २००९ साली 'अँटिपोड'मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांचा लेख बैरूत आणि मुंबई एकत्र ठेवतो, तिकडे हिजबुल्ला आणि इकडे 'स्पार्क'. पहिल्यांदा वाचताना ही तुलना अंगावर येते, आणि मला वाटतं ती तशी यावी म्हणूनच केली आहे. त्यांचं म्हणणं, अशा संस्था लोकांना सामावून घेतात खऱ्या, पण सामावून घेण्याचे नियमही त्याच ठरवतात: संयम ठेवा, वाटाघाटी करा, चांगले नागरिक व्हा. अप्पादुराई ज्याला कौतुकाने 'संयमाचं राजकारण' म्हणतात, त्याच संयमात रॉयना विस्थापनाला मिळणारी संमती दिसते.

आणि हे फक्त सिद्धांताचं भांडण नव्हतं. २००४ पासून एमयूटीपीतल्या रस्त्यांमुळे विस्थापित होणाऱ्या लोकांनी, त्यात सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरचे दुकानदार ठळक, जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रारी केल्या. २००५ च्या अखेरीस आलेला पॅनेलचा अहवाल कडक होता. बाधितांची संख्या आधी कमी धरली गेली होती, दुकानदारांचे प्रश्न नीट हाताळले नव्हते, नव्या जागी उत्पन्नाचं काय याचा विचार अपुरा होता, आणि स्वयंसेवी संस्थांवर त्यांच्या ताकदीबाहेरचं काम टाकलं होतं. २००६ मध्ये बँकेने काही महिने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा रोखला. कोणत्याही संस्थेला खलनायक ठरवायला हा अहवाल पुरेसा नाही, आणि तसा तो वापरूही नका. राज्य सरकारने आपलं काम संस्थेकडे ढकललं, हे त्यातलं मोठं सत्य आहे. पण 'डीप डेमॉक्रसी' उद्धृत करून हा अहवाल न वाचणं म्हणजे नाटकाचा पहिला अंक बघून परीक्षण लिहिणं.

अप्पादुराईंची बाजू घ्यायची तर: त्यांचा लेख पॅनेलच्या आधीचा आहे, आणि चालू अभ्यासातला आहे. पुढचं त्यांना कसं दिसावं? मान्य. माझा आक्षेप भविष्य न दिसण्याबद्दल नाहीच. लेखातल्या मुख्य संकल्पना, म्हणजे पायंडा पाडणं, फेडरेशन, प्रदर्शन, बचत, स्वतःची गणना, या जवळजवळ सगळ्या आघाडीने स्वतःबद्दल बोलताना वापरलेल्या संकल्पना आहेत. लेखक त्यांना सुंदर सैद्धांतिक कपडे चढवतो, पण गणनेत न आलेल्या एका माणसाशीही आपली भेट होत नाही. फेडरेशनमध्ये नसलेला, बचत न करणारा, शेजारच्याशी न पटणारा कोणी? तो लेखात नाही. गंमत म्हणजे रॉय यांच्या लेखातही तो फारसा नाही. त्याही संस्थेकडेच बघतात, फक्त भुवई उंचावून.

आता तुमच्या प्रस्तावाचं बघा. तुम्ही पुण्यात, नागपुरात, ठाण्यात कुठल्यातरी नागरी संस्थेसोबत काम करणार. वस्तीत तुम्हाला नेणारी ताई त्या संस्थेचीच असणार, पहिली वीस घरं तीच दाखवणार आणि तिसऱ्या प्रकरणातला तक्ता संस्थेच्याच अहवालातून येणार. त्यात काही पाप नाही, दुसरा रस्ता सहसा नसतोच. पण मग संस्थेचं यश संस्थेच्याच आकड्यांनी सिद्ध करण्याचा घोळ तुमच्या प्रबंधात पहिल्या दिवसापासून बसलेला असतो. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक तेच विचारेल.

म्हणून सर्वेक्षणाच्या तक्त्याआधी सर्वेक्षणाची पद्धत मागा. कोणत्या तारखेला मोजलं, आठवड्याच्या कोणत्या वारी, दुपारी की रात्री? कुलूप असलेल्या घरांसमोर काय लिहिलं? पोटमाळ्यावरचा भाडेकरू वेगळा धरला की खालच्या मालकात? दारावर रंगवलेला क्रमांक आणि यादीतला क्रमांक जुळतो का? नवरा वारलेल्या बाईचं घर कोणाच्या नावावर चढलं? हरकत कोणाकडे घ्यायची होती, मोजणाऱ्याकडेच की दुसऱ्या कोणाकडे? हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, सिद्धांताच्या प्रकरणात शोभत नाहीत. पण 'खालून' आणि 'वरून' यांतला फरक तुम्हाला सापडला तर तो इथेच सापडेल, फूकोच्या अवतरणात नाही.

पुढच्या वेळी रॉय यांचा लेख परिच्छेद-परिच्छेद करून घेऊ. तोपर्यंत एसआरएच्या एखाद्या योजनेचं परिशिष्ट-२ मिळवा आणि नुसतं चाळा. नाव, क्रमांक, पुरावा, आणि शेवटी पात्र किंवा अपात्र. 'अपात्र'च्या पुढे दिलेलं कारण बहुतेक वेळा तीन-चार शब्दांचं असतं. ती कारणं एका कागदावर उतरवून काढा. रॉय वाचताना तो कागद शेजारी ठेवू.