विलो, कावळा आणि जातं

जुनी चिनी कविता वाचताना पहिला ताप हा, की तिच्यात कुठलीच वस्तू नुसती वस्तू म्हणून उभी राहत नाही. विलोचं झाड दिसलं की ओळखावं, कुणीतरी गावाला निघालंय. विलोला चिनीत ‘ल्यू’ म्हणतात आणि ‘थांबणं’ यालाही, जरा सूर बदलून, ‘ल्यू’च. म्हणून निघणाऱ्याच्या हातात विलोची डहाळी मोडून द्यायची. ‘राहा की अजून दोन दिवस’ हे तोंडाने म्हणायला नको. (आपल्याकडे हा कार्यक्रम फाटकापाशी पाऊण तास चालतो.) आकाशात रानहंस म्हणजे पत्राची वाट. पुनवेचा चंद्र म्हणजे घरची आठवण. ली पो (७०१–७६२) काय किंवा तू फू (७१२–७७०) काय, त्यांच्या वाचकाला हे शिकवावं लागत नव्हतं. आपल्याला टीप लागते. आणि टीप वाचून कळलेली कविता म्हणजे समजावून सांगितल्यावर हसलेला विनोद.

‘त्यापेक्षा आपले संत बरे, सगळं कसं सरळ!’ असं आमचे एक स्नेही म्हणतात. सरळ? ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतला कावळा घ्या. ती बाई त्याचे पाय सोन्याने मढवायला निघते. कावळा ओरडला की पाहुणा येतो, हे ज्याला आजीने सांगितलेलं नाही, त्याला बाईचं डोकं फिरलंय असंच वाटणार. चिनी मंडळींनी हे शुभवार्तेचं खातं मॅगपायकडे दिलंय. आपण दिलं कावळ्याकडे, ज्याला आपण पिंडालाही बोलावतो! म्हणून मला आपला कावळा सरस वाटतो. त्याच्या एका ‘काव’मध्ये येणाराही आहे आणि गेलेलाही.

एरवी मात्र आपले संत चिनी कवीसारखं डहाळी ठेवून निघून जात नाहीत. हिशेब मांडून देतात. नरहरी सोनारांनी सोनाराचं दुकान मांडलं, सेना न्हाव्यांनी धोकटी उघडली, जनाबाईंनी विठ्ठलालाच जात्यावर बसवलं. सगळी रूपकं पोटाच्या धंद्यातली. अडचण एवढीच, की धंदा गेला की रूपक पोरकं होतं.

मी राहतो महाळुंग्याला. देहू-आळंदी जवळ, पण भोवती चाकणची औद्योगिक वसाहत. सावता माळ्यांना कांद्यात विठाई दिसली, ती इथे अजून टिपेवाचून कळते. चाकणचा बाजारच कांद्याचा. पण शेजारच्या सातवीतल्या मुलाला जनाबाई शिकवताना विचारलं, ‘जातं म्हणजे काय रे?’

‘वर्तमानकाळ, काका.’

त्याचे वडील नुकतेच पहिली पाळी संपवून आले होते. मी शब्दकोश काढेपर्यंत तेच म्हणाले, ‘अरे, दळायचे दगड. आमच्या कंपनीतली लाइन असते ना, तसंच. फिरतंय तोवर उठायचं नाही. म्हणून विठ्ठल येऊन हात लावायचा.’

मुलाने वहीत लिहून घेतलं आणि मग मान वर करून विचारलं, ‘पप्पा, तुमच्याकडे कुठल्या शिफ्टला येतो?’