कॅमेरा कुणाकडे वळवायचा?
शैक्षणिक दूरचित्रवाणी आणि आपली अध्यापक महाविद्यालये

पृथ्वीच्या गोलावर वाईचे रेखांश शोधले तर ते सुमारे ७३ अंश ५४ मिनिटे पूर्व असे मिळतात. १९८३ साली सोडलेला इन्सॅट-१बी हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला होता. म्हणजे तो जवळजवळ वाईच्याच रेखावृत्तावर होता. कृष्णेच्या घाटावर उभे राहून दक्षिणेकडे तोंड करावे आणि क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांच्या कोनात वर पाहावे. उपग्रह त्याच दिशेला असे. वरच्या वर्गात भूगोल आणि त्रिकोणमिती एकत्र शिकवायला हे उदाहरण चांगले आहे.

या ६९ अंशांचे महत्त्व कळण्यासाठी आधीची स्थिती पाहावी लागेल. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्याचे सहक्षेपण १९७३ पासून होऊ लागले आणि त्यासाठी सिंहगडावर मनोरा उभारला गेला. सिंहगडापासून वाई सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर. अंतर फार नाही; पण दूरचित्रवाणीच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात, आणि वाईच्या उत्तरेला मांढरदेव-पांडवगडाची रांग आडवी उभी आहे. दरीतल्या गावावर डोंगराची सावली पडते तशी प्रक्षेपणाचीही सावली पडते. डोक्यावरच्या उपग्रहाला मात्र कोणताच डोंगर आडवा येत नाही. भारतासारख्या देशाने उपग्रहाचा मार्ग का धरला, याचे उत्तर वाईच्या या भूगोलात आहे.

लहरी पोहोचवण्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु लहरी पोहोचल्या म्हणजे शिक्षण पोहोचले का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण आजवर शाळेतल्या पडद्याकडेच पाहत आलो आहोत. माझ्या मते ते अध्यापक महाविद्यालयात शोधायला हवे.

पडदा आणि शिक्षक

शालेय दूरचित्रवाणीचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न १९६१ साली दिल्लीत झाला. माध्यमिक शाळांत विज्ञानाचे शिक्षक आणि प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या. म्हणून निष्णात शिक्षकाने स्टुडिओतून पाठ द्यावा आणि तो अनेक वर्गांनी एकाच वेळी पाहावा, अशी कल्पना होती. गरज खरी होती. पण या मांडणीत वर्गातल्या शिक्षकाचे काम काय उरते? संच चालू करणे, शांतता राखणे आणि शेवटी राहिलेले समजावून देणे. एका चांगल्या शिक्षकाचा आवाज शंभर वर्गांत नेताना शंभर शिक्षकांना प्रेक्षक करून टाकण्याचा धोका या पद्धतीच्या मुळातच होता.

याहून वेगळी वाट 'साइट' या उपग्रह-प्रयोगाने दाखवली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही मराठी वाचकाला हा प्रयोग परका नाही. त्याचे व्यवस्थापन सांभाळणारे एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. आणि मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांच्या सहभागाने तयार झाले.

साइटबद्दल बोलताना जाळीच्या छत्र्यांचे आणि खेड्यात पहिल्यांदा आलेल्या चित्रांचे वर्णन पुष्कळ होते. शिक्षकांच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. या काळात दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे बारा-बारा दिवसांचे सेवांतर्गत प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणी होती, पण एकटी नव्हती. जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते, साध्या वस्तूंतून करायचे प्रयोग होते आणि गटात बसून करायची चर्चा होती. पडद्यावर पाहिलेले लगेच हाताने करून पाहायचे, ही यातली मुख्य गोष्ट. इथे शिक्षक प्रेक्षक नव्हता, शिकणारा होता.

साइटच्या मूल्यमापनातूनही हाच बोध होतो. खेड्यातल्या मुलांच्या भाषाविकासावर कार्यक्रमांचा अनुकूल परिणाम आढळला; पण शाळेचा पट किंवा गळती यांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. चित्रे मुलांना शब्द देऊ शकतात, कुतूहल देऊ शकतात. शाळा बदलण्याचे काम मात्र शाळेतल्या माणसांनाच करावे लागते.

बालचित्रवाणीचा धडा

इन्सॅटच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला आणि १९८४ साली पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आपली 'बालचित्रवाणी', स्थापन झाली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी स्वतंत्र संस्था आणि तिचा स्वतःचा स्टुडिओ ही लहान गोष्ट नव्हती. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली. तिच्या अखेरीची चर्चा मुख्यतः अनुदान आणि पगार यांच्याभोवती फिरली. ते कारण खरेच. पण शिक्षणाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ही संस्था बंद झाली तेव्हा राज्यातल्या वर्गांमधले रोजचे काम अडले का? अडले नसेल, तर कार्यक्रम आणि वर्ग यांच्यात तेहतीस वर्षांत आवश्यक ते नाते जुळले नव्हते, असेच म्हणावे लागेल.

हे नाते का जुळले नाही? एक कारण माध्यमातच होते. प्रक्षेपणाची वेळ एक, शाळांच्या वेळा अनेक. वर्गात अपूर्णांक चालू असताना पडद्यावर पाणकीटक यायचे. वीज गेली तर कार्यक्रमही गेला. पुस्तकाचे तसे नसते. मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली, म्हणजे साइट संपले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. विश्वकोश हवा तेव्हा, हव्या त्या पानावर उघडता येतो. न समजलेली ओळ पुन्हा वाचता येते. प्रक्षेपित कार्यक्रमाला 'थांब, पुन्हा दाखव' असे म्हणण्याची सोय नव्हती. आणि विज्ञान शिकताना थांबण्याची गरज तर पावलोपावली लागते.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. पडद्यावरचा प्रयोग नेहमी यशस्वी होतो. चुकलेले चित्रण संकलनात कापले जाते, वाट पाहण्याचा वेळ गाळला जातो, आणि मुलाला दिसते ते केवळ नेटके उत्तर. वर्गात बल्ब पेटत नाही, बी उगवत नाही, दोन गटांची मोजमापे जुळत नाहीत. आणि तिथेच विज्ञान सुरू होते. ज्या शिक्षकाला न जुळणाऱ्या मोजमापांना सामोरे जायची सवय नाही, त्याला पडद्यावरचा प्रयोग आधार वाटतो. म्हणून तो प्रयोग करायचा सोडून प्रयोग दाखवू लागतो. दोष कार्यक्रम करणाऱ्यांचा तेवढा नाही. शिक्षकाला त्या कार्यक्रमाचे काय करायचे हे प्रशिक्षणात शिकवले गेले नाही, हा खरा दोष आहे.

हरवलेला कॅमेरा

आता अध्यापक महाविद्यालयाकडे वळू. सातारा जिल्ह्याला शिक्षक-शिक्षणाची मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. ग्रामीण शाळा सुधारायची तर आधी तिचा शिक्षक घडवावा लागतो, हा त्यामागचा विचार. दूरचित्रवाणी आणि शिक्षक-शिक्षण यांची गाठ मात्र प्रथम पडली ती अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात. १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सूक्ष्म अध्यापन' ही पद्धत मांडली. छात्राध्यापकाने थोड्या विद्यार्थ्यांपुढे, थोडा वेळ, एकाच कौशल्यावर लक्ष ठेवून शिकवायचे; त्याची ध्वनिचित्रफीत करायची; ती त्याने स्वतः पाहायची आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा.

इथे कॅमेऱ्याची दिशा बदलली आहे, हे लक्षात घ्यावे. शालेय दूरचित्रवाणीत कॅमेरा स्टुडिओत असतो आणि पडदा मुलांपुढे. सूक्ष्म अध्यापनात कॅमेरा शिक्षकाकडे वळलेला असतो आणि पडदाही त्याच्याच पुढे. पहिल्यात दूरचित्रवाणी सांगते, दुसऱ्यात ती आरसा होते.

१९७० च्या दशकात ही पद्धत भारतात रुजली. बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषद यांनी तिला भारतीय रूप दिले. बी.एड. झालेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे: अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६; एकूण ३६ मिनिटांचे चक्र. चित्रफितीची यंत्रे महाग, म्हणून तिची जागा निरीक्षकाने आणि सहाध्यायांनी घेतली. खर्चाचा विचार करता तो निर्णय समंजस होता. त्यामुळेच तर ही पद्धत तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली.

पण आरसा गेला आणि आरशाची चौकट उरली. विद्यार्थी म्हणून समोर बसलेले सहाध्यायी उत्तरे आधीच जाणतात. निरीक्षण-तक्त्यावर खुणा होतात. शेरा येतो : 'आवाज स्पष्ट. फलकलेखन सुधारावे. प्रश्नांचे वितरण योग्य.' छात्राध्यापक तो वाचतो, वही मिटतो आणि सराव पाठांच्या टाचणाला लागतो. त्याने वर्गात नेमके काय केले, हे त्याला दुसऱ्याकडून कळते. स्वतःला दिसत नाही.

हे नुकसान किती मोठे आहे, हे एका संशोधनावरून कळेल. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतील विज्ञान-तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? सुमारे एक सेकंद! हा काळ तीन सेकंद किंवा अधिक केल्यावर मुलांची उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली, 'माहीत नाही' कमी झाले आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. हे निष्कर्ष १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. आपण एकच सेकंद थांबतो हे कोणाही शिक्षकाला स्वतःहून जाणवत नाही. उलट आपण पुरेसे थांबलो असेच वाटते. निरीक्षकाच्या नजरेतूनही ते सुटते. ते पकडायला यंत्राची फीतच लागते.

यंत्र खिशात आहे

आज परिस्थिती उलटी झाली आहे. जे यंत्र महाग म्हणून सोडले, ते बहुतेक प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात आहे. तरीही आपण त्याचा उपयोग जुन्याच दिशेने करतो आहोत. २०१७ साली 'दीक्षा' व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि शिक्षक तयार चित्रफिती वर्गात लावू लागले. दिल्लीचा १९६१ चा पाठच खिशात मावू लागला, एवढेच.

अपवाद नाहीत असे नाही. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर आलेल्या 'टिलीमिली' या मालिकेने घरात आणि परिसरात करून पाहण्याच्या कृतींवर भर दिला. मुलाने उठून काहीतरी करावे अशी अपेक्षा ठेवणारा कार्यक्रम साइटच्या त्या बारा दिवसांच्या जवळ जातो.

अध्यापक महाविद्यालयांना आणि शाळांना लगेच करता येतील अशा तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. प्रत्येक छात्राध्यापकाने स्वतःच्या एका तासाचे दहा मिनिटे ध्वनिमुद्रण करावे आणि एकच गोष्ट मोजावी : प्रश्न आणि त्यानंतरचा आपला पुढचा शब्द यांत किती सेकंद गेले? आठवड्याने पुन्हा मोजावे. याला चित्राचीही गरज नाही.

दुसरी. तयार चित्रफीत लावायचीच असेल तर निष्पत्तीच्या आधी थांबवावी. पुढे काय होईल ते मुलांनी वहीत लिहावे, शक्य असेल तर तोच प्रयोग वर्गात करावा, आणि मगच चित्रफीत पुढे न्यावी. थांबवण्याची जी सोय प्रक्षेपणात नव्हती ती आता आहे. ती न वापरणे हा आपला दोष.

तिसरी. कॅमेरा मुलांच्या हाती मोजमापाचे साधन म्हणून द्यावा. फोन सामान्यतः सेकंदाला ३० चित्रे घेतो. भिंतीवर मोजपट्टी उभी लावून चेंडू सोडावा आणि चित्रण एकेक चित्र पुढे नेत पाहावे. सुटल्यापासून ५ चित्रांनंतर चेंडू सुमारे १४ सेंटिमीटर खाली गेलेला असतो, १० चित्रांनंतर सुमारे ५४. वेळ दुप्पट, अंतर जवळजवळ चौपट. मोजमापे थोडी चुकतील. चुकू द्यावीत, चूक कुठून आली यावरची चर्चा हाच खरा तास.

एक धोका मात्र डोळ्यांआड करता कामा नये. आरसा आणि पाळत यांत फरक आहे. शिक्षकाच्या तासाचे मुद्रण प्राचार्यांच्या संगणकात किंवा व्हॉट्सॲपच्या गटात गेले की शिक्षक कॅमेऱ्यासाठी शिकवू लागतो, आणि पाहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून मुद्रण ज्याचे त्याच्याकडेच राहावे, मुलांचे चेहरे त्यात येऊ नयेत आणि काम झाल्यावर ते पुसून टाकावे. दाखवायचे की नाही, कोणाला, हे शिक्षकानेच ठरवावे.

उपग्रहाने वाईच्या डोंगरांची अडचण दूर केली, त्याला आता चार दशके झाली. प्रश्न विचारून एक सेकंद थांबणारा शिक्षक तीन सेकंद थांबावा, यासाठी उपग्रह लागत नाही. त्यासाठी लागतो तो स्वतःचा तास स्वतः ऐकण्याचा धीर, आणि तो धीर देणारे अध्यापक महाविद्यालय.