शब्दावाचूनचा विद्रोह : ‘मॅनेनबर्ग’ आणि मराठी समीक्षेचा कान

नळदुर्गजवळच्या मैलारपूरला खंडोबाचे ठाणे आहे. देव वर्षाचा मोठा काळ अणदूरला असतो, पौषी यात्रेच्या सुमारास नळदुर्गला येतो. त्याच्या जागरणातील वाघ्यामुरळीची पदे छापली तर थोड्या पानांत संपतात. रात्र मात्र त्याच पदांवर निघते. दिमडीचा आघात, तुणतुण्याचा अखंड स्वर, घोळाची किणकिण आणि एकाच चरणाचे पुनःपुन्हा येणे यांतून जागरणाचा अर्थ घडत जातो. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पदे जमवली, दैवतकथा उलगडल्या. आवर्तनाचा विचार मात्र अशोक रानडे यांच्यासारख्या मोजक्या अभ्यासकांनीच गांभीर्याने केला.

कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीचा मराठीत जो परिचय झाला, त्यातही हीच उणीव दिसते. या परिचयात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे आणि औरंगाबादहून निघणारे गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली; १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. या कार्याचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते : हा परिचय प्रामुख्याने अमेरिकेचा आणि छापील शब्दाचा होता. जॅझचा उल्लेख आला तो बहुधा वेदनेचे रूपक म्हणून. ऐकण्याची वस्तू म्हणून तो क्वचितच आला, आणि दक्षिण आफ्रिकेतील जॅझ तर त्याही पलीकडे राहिला.

अब्दुल्ला इब्राहिम यांची ‘मॅनेनबर्ग’ ही रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९३४ साली केपटाऊनमध्ये जन्मलेला हा पियानोवादक तेव्हा डॉलर ब्रँड या नावाने ओळखला जाई. ह्यू मासेकेला, किपी मुकेत्सी, जोनास ग्वांग्वा यांच्यासह तो ‘जॅझ एपिसल्स’मध्ये वाजवीत असे. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली, आणीबाणी आली, आणि एकेक वादक देशाबाहेर पडू लागला. १९६४ मध्ये ‘ब्लू नोट्स’ हा वृंदही गेला. १९६६ मध्ये केपटाऊनची ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही मिश्र वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवण्यात आली. तेथून उठवलेली अनेक कुटुंबे ज्या वसाहतींत फेकली गेली, त्यांपैकी एक मॅनेनबर्ग. १९७४ मध्ये परदेशातून काही काळ परतलेल्या इब्राहिम यांनी ही रचना केपटाऊनमध्येच ध्वनिमुद्रित केली.

सुमारे तेरा मिनिटांच्या या रचनेला गीत नाही. साध्या उभ्या पियानोच्या हातोड्यांना टाचण्या लावलेल्या, त्यामुळे त्याचा स्वर पत्र्यासारखा, काहीसा मद्यगृहातल्या जुन्या वाद्यासारखा येतो. खाली थोड्याशा स्वरसंघांचे एक आवर्तन फिरत राहते. हे आवर्तन ‘मराबी’चे, म्हणजे जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांतील चोरट्या दारूच्या अड्ड्यांवर रात्रभर वाजणाऱ्या संगीताचे. तेथे ते पायपेटीवर वाजे. (नाट्यसंगीताच्या मराठी रसिकाला हे वाद्य परके नाही.) त्यावर बेसिल कुट्सी यांचा सॅक्सोफोन सावकाश, जणू गल्लीत उभ्या उभ्या बोलल्यासारखा, आपले म्हणणे मांडतो. येथे आक्रोश नाही. ज्यांची घरे पाडली त्यांच्या नाचण्याची लय तेवढी आहे, आणि ती थांबत नाही. ऐंशीच्या दशकात वर्णविद्वेषविरोधी सभांतून ही रचना जवळजवळ राष्ट्रगीतासारखी वाजू लागली.

‘वेदना’, ‘नकार’, ‘विद्रोह’ या आपल्या कोटी येथे अपुऱ्या पडतात, कारण त्या विधानाच्या आशयावर आधारलेल्या आहेत. ‘मॅनेनबर्ग’ विधान करीत नाही. ती पुनरावृत्ती करते. देशीवादालाही ती सोपी जाणार नाही. इब्राहिम मराबीकडे वळले ते अमेरिकी जॅझ पचवून. १९६३ मध्ये झ्यूरिखला त्यांचे वादन ऐकून त्यांना पुढे आणले ते ड्यूक एलिंग्टन यांनी. परके रूप आत्मसात केल्यानंतर आपल्या अड्ड्यावरचे संगीत त्यांना नव्याने ऐकू आले, असे म्हणणे अधिक रास्त होईल. रानडे यांनी कल्पिलेल्या लोकसंगीत, जनसंगीत, कलासंगीत या कोटींपैकी एकीतच ती बसवण्याचा आग्रहही टिकत नाही.

वामनदादा कर्डकांच्या गीतांवरील लेखनात हा प्रश्न घरचा होतो. पुस्तकातील गीत वाचून त्यात भीमविचार किती, प्रतिमा कोणत्या, याची मोजदाद होते. चाल आणि ध्रुपदाला साथ देणारा समुदाय विवेचनाबाहेर राहतो. मग ही गीते ‘प्रचारकी’ ठरवणेही सोपे जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. वस्तीचे नाव शीर्षकात नसते, तर या रचनेतील प्रतिकार कोणाला ऐकू आला असता? आक्षेप खरा आहे. विन्स्टन मानकुंकू यांच्या १९६८ च्या ‘याखाल इंकोमो’लाही, गुरांच्या हंबरण्याचा अर्थ सांगणारे ते शीर्षक वगळून ऐकणे कठीण आहे. शब्द हद्दपार होत नाही. त्याचे काम मात्र बदलते. तो अर्थ सांगत नाही, जमलेल्यांना ठिकाण दाखवतो. ‘येळकोट’ या घोषात कानडीतले ‘सात कोटी’ आहेत असे सांगतात. मैलारपूरला भंडारा उधळणाऱ्यांपैकी कितीजण ते मोजत असतील?